भिंतीतली पन्हळ

एस्तरबाईंना पाणी दिलं की देणाऱ्याचा हमखास अपमान व्हायचा. पेला हातात आला की त्या तो आधी उजेडाकडे वर धरायच्या, एक डोळा बारीक करून आरपार बघायच्या, हळूच गोल फिरवायच्या आणि मग कुठं ओठाला लावायच्या. लग्नघर असो, मयताचं घर असो की साक्षात मडमसाहेबांचा बंगला असो, त्यात खंड नाही. म्हसावदला एका बड्या शेतकऱ्याच्या घरी बाळंतपण सोडवून त्या बाहेर आल्या, तेव्हा मी बैलगाडी घेऊन त्यांना न्यायला गेलो होतो. घरच्या कर्त्या बाईनं चांदीच्या पेल्यातून पाणी आणलं. एस्तरबाईंनी तो पेला वर धरला. चांदीतून काय दिसणार कपाळ! पण हात सवयीनं वर गेलाच.

"काय वं बाई, आम्ही काय जहर टाकेल शे का त्यामा?" ती कर्ती बाई म्हणाली.

"तुमचा संशय नाही हो बाई, पाण्याचा आहे," एस्तरबाई म्हणाल्या आणि आत वाकून बघून मग ते पाणी प्यायल्या. नातू झाल्याच्या आनंदात त्या बाईनं ते पोटात घातलं.

म्हसावदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं मिशनचं कंपाउंड होतं. तेव्हा आमचा सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता. कंपाउंडात एक लहानसा दवाखाना, एक शाळा, एक उपासनामंदिर, पाचसहा कौलारू घरं आणि साहेबांचा बंगला. मी शाळेत मास्तर. माझे वडील शहाद्याला मिशनच्या एका साहेबाकडे माळी होते, त्यामुळे मी जन्माचा ख्रिस्ती आणि जन्माचा अहिराणी बोलणारा. एस्तरबाई नगरकडच्या. त्या दवाखान्यात नर्स म्हणून आल्या आणि डॉक्टर कधी असायचे, कधी नसायचे, त्यामुळे बघता बघता त्याच दवाखाना झाल्या. ठेंगणा बांधा, पांढरं पातळ, पायात पुरुषी चपला. चालणं असं की बरोबरच्या माणसाला धापा लागाव्यात. त्यांनी भिलोरी शिकायचा फार प्रयत्न केला, पण त्यांच्या तोंडून ती भाषा अशी काही निघायची की पेशंट दुखणं विसरून हसायला लागायचा. "हसतोय म्हणजे बरा होतोय," असं त्या म्हणायच्या आणि पुढच्या माणसाकडे वळायच्या.

पाण्याकडे असं बघण्याचं कारण होतं नारू. आता ते दुखणं राहिलं नाही, त्यामुळे नव्या लोकांना सांगावं लागतं. साठलेल्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसेल असा एक बारीक किडा असतो. तो पाण्याबरोबर पोटात गेला की वर्षभर काही कळत नाही. मग पुढच्या उन्हाळ्यात पायाला आग होऊन फोड येतो, फोड फुटतो आणि त्यातून सुतासारखा पांढरा जंतू डोकं बाहेर काढतो. तो ओढून काढता येत नाही. तुटला तर आत कुजतो, पाय भोपळ्याएवढा सुजतो, कधी गुडघा कायमचा आखडतो. काडेपेटीच्या काडीला त्याचं टोक गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं फिरवत राहायचं, एवढाच उपाय. आग इतकी होते की माणूस धावत जाऊन पाय थंड पाण्यात घालतो. आणि पाय पाण्यात गेला की नारू आपली सगळी पिलावळ त्या पाण्यात सोडतो.

चैत्र-वैशाखात दवाखान्याच्या ओट्यावर नारूवाल्यांची रांग लागायची. एस्तरबाई एका ठेंगण्या पाटावर बसायच्या, एकेकाचा पाय मांडीवर घ्यायच्या आणि काडी फिरवायच्या. फिरवताना त्या पेशंटशी बोलत नसत, नारूशी बोलत. "चल बाबा, घाई नाही. पण मागं फिरायचं नाही." तेच वाक्य त्या रडणाऱ्या पोराला, अडलेल्या बाईला आणि माझ्या मरतुकड्या बैलांनाही ऐकवायच्या. बैल सोडून सगळे ऐकायचे.

या रांगेत दरसाल येणारी एक बाई होती, गुमली. कंपाउंडच्या मागे नाला ओलांडला की टेकडीच्या पोटात भिलांचा पाडा होता, तिथली. तरणीताठी, कामाला वाघीण, पण उन्हाळा आला की पाय धरून बसायची. बसली की मजुरी बुडायची आणि मजुरी बुडाली की चूल थंड. पाड्याला पाणी एकच, पायऱ्यांची जुनी बावडी. उन्हाळ्यात तिच्यात तळाशी हिरवट पाणी राहायचं. बाया पायऱ्या उतरून घोट्यापर्यंत आत जायच्या आणि भोपळ्याच्या डोयानं हंडे भरायच्या. गावात पाटलांची विहीर होती, पण तिच्या आसपास पाड्यावरच्या माणसानं फिरकायचंही नाही. खालच्या मळ्यांत इंजिनं फुकफुक करत होती, त्यांचं पाणी केळीला होतं.

एका उन्हाळ्यात गुमलीच्या पायाला पट्टी बांधता बांधता एस्तरबाई दरवर्षीचं वाक्य म्हणाल्या, "आता पाय पाण्यात घालायचा नाही. अजिबात नाही."

गुमली बाहेरच्यांशी अहिराणीत बोलायची. तिनं शांतपणे विचारलं, "बाई, तू सांगस पाण्यामा पाय नको घालू. मंग पाणी कोन लई येई? तू येशी का भराले?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. एस्तरबाईंच्या हातातली पट्टी तशीच राहिली. रांगेतले बाकीचेही त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. शेवटी त्या म्हणाल्या, "बघते काहीतरी," आणि गाठ मारली.

त्या दिवसापासून एस्तरबाईंच्या डोक्यात गुमलीच्या पाड्याचं पाणी बसलं ते बसलं. त्या उपासनेला आल्या तरी तोच विषय, आमच्याकडे चहाला आल्या तरी तोच. "मास्तर, मी माणूस बरा करते आणि त्याच पाण्यात परत पाठवते. ही सेवा म्हणायची की थट्टा?" असं त्या विचारायच्या. मी बशीत चहा ओतायचो. दुसरं काय करणार?

पहिला उपाय त्यांनी फडक्याचा केला. दुहेरी कापडातून पाणी गाळलं की किडा वर राहतो. नाताळच्या आधी त्यांनी बंगल्यातल्या जुन्या चादरी मागून आणल्या, त्यांचे चौकोन कापले, कंपाउंडातल्या बायकांकडून ते शिवून घेतले आणि नाताळच्या दिवशी पाड्यावर घरोघर वाटले. गाळून दाखवलं, वर राहिलेली घाण दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. महिन्याभरानं आम्ही पाड्यावर गेलो. मी शाळेसाठी पोरं गोळा करायला, त्या गाळण्या बघायला. एक फडकं एका तान्ह्या पोराच्या अंगावर होतं. एक म्हाताऱ्याच्या डोक्याला. एका घरी त्यात भाकरी बांधलेली, एका घरी बियाणं. हंड्यावर एकही नव्हतं. थंडी कडाक्याची होती आणि त्या तान्ह्याच्या अंगावर त्या चौकोनाखेरीज चिंधी नव्हती. एस्तरबाई त्या पोराजवळ थांबल्या, फडक्याची गाठ जरा सैल झाली होती ती त्यांनी नीट बांधली आणि पुढे निघाल्या. येताना त्यांनी भरभर चालत नाला ओलांडला. मग म्हणाल्या, "पाणी गाळायला आधी घरात एक जास्तीचं फडकं लागतं. हे मला कुणी नर्सिंगमध्ये शिकवलं नाही."

दुसऱ्या वर्षी त्यांनी शक्कल लढवली. फडकं बांबूच्या कड्याला शिवून टाकलं, म्हणजे अंगावर घेता येणार नाही. त्याखाली कोंबडीची पिल्लं छान झाकली गेली. गुमलीनं मात्र ते कडं इमानानं वापरलं. घरी ती गाळूनच प्यायची. पण मोहं वेचायला रानात गेली की तहान लागायची आणि तिथं ती ओंजळीनं प्यायची. पुढच्या उन्हाळ्यात ती रांगेत होतीच. एस्तरबाईंना बघून तिलाच वाईट वाटलं. "तुन्हं कडं चांगलं शे बाई," ती समजूत घातल्यासारखं म्हणाली.

आता आमच्या विहिरीविषयी सांगायला हवं. कंपाउंडातली विहीर दगडी बांधणीची, उंच कठड्याची, वर लोखंडी रहाट. पाणी असं की पेल्यात आहे की नाही ते कळू नये. ती विहीर आम्हाला इतकी अंगवळणी पडली होती की तिच्याबद्दल देवाचे आभार मानायचंही आम्ही विसरून गेलो होतो. विहिरीभोवती भिंत होती आणि भिंतीला दार. बाहेरच्यांना आत यायची बंदी. हा नियम दुष्टपणाचा नव्हता. गंमत म्हणजे तो एस्तरबाईंनीच करायला लावला होता. त्या नव्यानं आल्या तेव्हा नारूवाले पेशंट विहिरीच्या कठड्याशीच पाय धुवायचे आणि तिथली फरशी फुटकी, ते पाणी परत आत झिरपायचं. "उघड्या जखमेचं माणूस विहिरीपाशी नको," असं त्यांनीच मिशनच्या कमिटीला ठासून सांगितलं होतं. दाराची किल्लीही त्यांच्याच कमरेला असायची.

एका रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलातल्या, विहिरीवर पाणी भरायला आलेल्या परजातीच्या बाईवर उपदेश केला. आमचे पाळकसाहेब अतिशय सज्जन माणूस, आवाज गोड, उपदेश ऐकताना बायकांच्या डोळ्यांना पदर लागायचे. प्रभूनं तिच्याकडे पाणी मागितलं, जात बघितली नाही, असं ते फार सुंदर सांगत होते. उपासना सुटल्यावर दाराशी सगळे सलाम करत होते, तेव्हा एस्तरबाईंनी त्यांना विचारलं, "साहेब, उपदेश चांगला झाला. पण विहीर कोणती म्हणायची?"

पाळकसाहेब गोरेमोरे झाले. म्हणाले, "बाई, नियम तुमचाच आहे."

"तेच तर," एस्तरबाई म्हणाल्या.

त्यावर त्यांनी काढलेली तोड म्हणजे पन्हळ. नियम मोडायचा नाही आणि पाणी तर बाहेर गेलं पाहिजे. त्यांनी गवंडी बोलावला, विहिरीच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर भोक पाडलं आणि त्यात पत्र्याची पन्हळ बसवली. आत उभं राहून पोहरा काढायचा आणि पन्हळीत ओतायचा. बाहेर पाड्यावरच्या बायांनी हंडे धरायचे. कमिटीनं कुरकुर केली, पण नियमात बोट ठेवायला जागा नव्हती. रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी एस्तरबाई स्वतः रहाट ओढायच्या. पदर खोचलेला, दंड भरून आलेले, तोंडात एखादं भजन. बाहेर बायांचा कलकलाट. पहिल्या दिवशी गुमलीनं पन्हळीखाली हंडा धरला, भरल्यावर एक ओंजळ घेतली आणि एस्तरबाईंची नक्कल करत ती ओंजळ सूर्याकडे धरली. सगळ्या बाया खिदळल्या. भिंतीआड एस्तरबाईंना काय झालं ते कळेना, पण त्याही हसायला लागल्या.

त्यांना मी एवढं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. वर्ष उलटलं आणि पुढच्या उन्हाळ्यात ओट्यावरची रांग आखूड झाली. गुमली रांगेत नव्हती. ती शेतावर होती, कामाला. एस्तरबाई मुद्दाम वाट वाकडी करून तिच्या पायाची चौकशी करून आल्या आणि आमच्याकडे येऊन त्यांनी दोन कप चहा घेतला.

त्याच उन्हाळ्यात त्यांची आई आली. नगरकडच्या एका खेड्यातून कुणाच्या तरी सोबतीनं एसटीनं शहाद्याला आणि तिथून बैलगाडीनं. अंगानं वाळलेली, पाठीतून वाकलेली, पण डोळे लख्ख. लेकीच्या घरात आयतं बसणं तिला जमेना. दुसऱ्या दिवशी सकाळी एस्तरबाई पाणी ओढत होत्या, माझी बायको त्यांना हात द्यायला गेली होती आणि मी शाळेची घंटा द्यायला निघालो होतो. भिंतीबाहेर नेहमीची रांग होती. रांगेच्या शेवटी एस्तरबाईंची आई उभी. लेकीच्या घरातली कळशी काखेत, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, इतर बायांपासून जरा अंतर राखून.

मला वाटलं म्हातारी वाट चुकली. मी म्हटलं, "आजी, तुम्ही इकडं कुठं? आत जा. दार तिकडं आहे."

ती म्हणाली, "राहू द्या मास्तर. लोक भाईर हुभे हायती, आतनं वतत्यात. मंग आपली बाजू हीच की."

हे ती अगदी साधेपणानं बोलली. तिची काही तक्रार नव्हती. उलट आपण बरोबर ओळखलं म्हणून थोडं समाधानच होतं चेहऱ्यावर. भिंतीच्या आत रहाटाचा आवाज थांबला. पन्हळीतून एस्तरबाईंना सगळं ऐकू गेलं होतं.

पुढची गोष्ट म्हातारीनंच माझ्या बायकोला तांदूळ निवडता निवडता सांगितली. त्यांच्या गावात महारवाड्यातल्या बायका गावविहिरीपासून लांब हंडे मांडून बसायच्या. कुणा बाईला दया आली तर ती वरून, न शिवता, हंड्यात पाणी सोडायची. नाही आली तर दुपार व्हायची. एस्तरबाईंची आजी तशीच बसायची आणि लहानपणी एस्तरबाईही तिच्याशेजारी बसलेल्या. मिशनची विहीर झाली तेव्हा त्या घरानं पहिल्यांदा आपल्या हातानं पोहरा सोडला. "त्या दिशी माझी सासू इतकी प्याली की तिला वकारी झाली," म्हातारी म्हणाली आणि खो खो हसली.

एस्तरबाई मात्र त्यानंतर हसल्या नाहीत. आई गावी परत गेली त्याच आठवड्यात त्या कमिटीपुढे उभ्या राहिल्या. मी कमिटीत नव्हतो, पण बैठक शाळेच्याच खोलीत भरायची आणि मी फळा पुसत होतो.

"पन्हळ नको. दार उघडा," त्या म्हणाल्या. "फरशी नवी घालू. त्यांना आत येऊन आपल्या हातानं पाणी काढू द्या."

"बाई, उघड्या जखमेचं माणूस विहिरीपाशी नको, हे कुणी शिकवलं आम्हाला?" कमिटीतल्या एकानं विचारलं. तो खोचक बोलत नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "पन्हळ तरी आहे ना बाई. तेवढ्यात समाधान माना."

एस्तरबाईंनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि त्या बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या भिंतीच्या बाहेर उभ्या राहायला लागल्या. आपली कळशी घेऊन, रांगेत, येईल त्या नंबरानं. आत रहाट ओढायचं काम कंपाउंडातल्या बायकांनी पाळीपाळीनं उचललं. आमची ही म्हणायची, "बाईंच्या खुळापायी माझे खांदे उतरले." पण तिनं पाळी चुकवली नाही. पाड्यावरच्या बायांना तर बाई रांगेत मुळीच नको होत्या. त्यांच्यासमोर मोकळेपणानं भांडता येईना की त्यांची नक्कलही करता येईना. गुमली त्यांना पुढे ढकलायची आणि त्या पुन्हा मागे यायच्या.

मी एकदा स्पष्टच विचारलं, "यानं काय होणार बाई? तुम्ही उन्हात उभ्या राहिलात म्हणून कुणाला एक घागर जास्त मिळाली का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पण आत उभं राहवत नाही, मास्तर. तिथून पाणी ओतलं की माझी आजी खाली बसलेली दिसते."

मग ते कोरडं वर्ष आलं. पावसाळा नुसता ढग दाखवून गेला. फाल्गुनातच आमच्या विहिरीचा पोहरा तळाला खरडायला लागला. वर येणारं पाणी गढूळ. जिकडून तिकडून माणसं दवाखान्यात येत होती, हगवण, उलट्या, ताप. कमिटीची बैठक भरली आणि एस्तरबाईंना बोलावणं आलं. आता कमिटीतलं कुणीच कडक बोलत नव्हतं, हेच जास्त वाईट होतं. पाळकसाहेबांचा चेहरा उतरलेला.

"बाई, तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं करू. पन्हळ चालू ठेवली तर दवाखान्याला पाणी पुरेल का?"

एस्तरबाई खुर्चीत बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर. त्या खोटं बोलल्या असत्या तर पन्हळ आणखी थोडे दिवस वाहिली असती. मी मनात म्हणत होतो, बोला बाई, बोला की पुरेल. खिडकीतून दवाखान्याचा ओटा दिसत होता आणि त्यावर सलाइन लावलेली एक पोर होती. त्यांनी तिकडे बघितलं.

"नाही पुरणार," त्या म्हणाल्या.

गवंडी तोच आला. पन्हळ काढली, भोकात विटा आणि सिमेंट भरलं, वरून गिलावा केला. सकाळची वेळ होती आणि रांग नेहमीप्रमाणे उभी होती, कारण पाड्यावर सांगायला कुणी गेलंच नव्हतं. गवंडी थापीनं गिलावा सारखा करत होता आणि बाया नुसत्या बघत होत्या. एस्तरबाई त्यांच्यातच कळशी घेऊन उभ्या. त्या काही सांगायच्या आधीच बायांना कळलं. कुणी ओरडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. गुमलीनं रिकामा हंडा डोक्यावर घेतला आणि नाल्याची वाट धरली, तशा बाकीच्याही निघाल्या. त्या निमूटपणाची मला फार लाज वाटली.

एस्तरबाई त्यांच्यामागून निघाल्या. एकट्या जातील म्हणून मीही गेलो. बावडीवर बाया उतरल्या, हिरवट पाणी हलवून हलवून भरलं आणि आम्ही सगळे गुमलीच्या झोपडीशी आलो. दारी माणूस आलं की त्याला आधी पाणी द्यायचं, ही पाड्यावरची रीत. गुमलीनं हंडा उतरवला. ती गाळणीचं कडं शोधायला लागली. ते मोडून कुठं तरी पडलं होतं. मग तिनं तसाच लोटा भरला आणि एस्तरबाईंच्या पुढे धरला. आम्ही सगळे वाट बघत होतो, आता हात वर जाणार. शेजारच्या पोरी तर आधीच तोंडाला पदर लावून तयार होत्या.

एस्तरबाईंनी लोटा घेतला आणि कुठंही न बघता घटाघटा पिऊन टाकला.

"आज दखं नही बाई?" गुमलीनं विचारलं.

त्यांनी नुसता लोटा परत दिला. पदरानं ओठ पुसले.

पुढचा पावसाळा भरपूर झाला. विहीर काठोकाठ भरली. पन्हळ पुन्हा बसवावी म्हणून एस्तरबाईंनी विचारलं. सगळ्यांनी "बघू या" म्हटलं. मग पुन्हा विचारलं, पुन्हा "बघू या". गिलावा छान बसला होता, चुना मारल्यावर भोक कुठं होतं तेही कळेना. साहेबलोक तोवर आपल्या देशी परत गेले होते, कमिटीला शंभर कामं होती. मुद्दाम कुणी नाही म्हटलं नाही. एस्तरबाईंनी आपल्या घरी कंपाउंडचं पाणी भरायचंच बंद केलं. बावडीवरून आणायच्या, गाळायच्या, उकळायच्या. पाळकसाहेबांनी हात जोडले, माझ्या बायकोनं रोज एक कळशी त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली. ती कळशी त्या दवाखान्यात पेशंटना देऊन टाकायच्या.

आणि उन्हाळ्यात त्यांच्या पायाला फोड आला.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्या आपल्या ठेंगण्या पाटावर बसल्या होत्या आणि मांडीवर स्वतःचाच पाय होता. काडी फिरवत होत्या. वेदनेनं कपाळावर घाम, पण पुटपुटणं तेच. "चल बाबा, घाई नाही." मला एकदम रागच आला. इतकी शिकलेली बाई, आणि डोळ्यांदेखत!

"तुम्हाला ठाऊक होतं, बाई," मी म्हटलं. "जन्मभर पेले वर धरलेत. त्या दिवशी काय झालं होतं?"

"त्या दिवशी वर धरून काय करणार होते, मास्तर? किडा दिसला असता तर तिच्या दारात ओतून देणार होते का?" त्या म्हणाल्या. आणि काडीचा एक वेढा देऊन त्यांनी पट्टी मागितली.

त्याच उन्हाळ्यात माझी शहाद्याच्या शाळेत बदली झाली. सामान बैलगाडीत भरलं आणि आम्ही सकाळीच निघालो. नाल्याच्या कडेची वाट बावडीवरून जाते. बायको म्हणाली, "त्या बघा."

बावडीच्या अगदी वरच्या पायरीवर एस्तरबाई बसल्या होत्या. पायाला पट्टी. शेजारी रिकामी कळशी. बाया उतरत होत्या, भरून वर येत होत्या. त्या मात्र उतरत नव्हत्या. उघड्या जखमेचा पाय पाण्यात घालायचा नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं! त्यामुळे त्या नुसत्या बसून होत्या, पदर उन्हासाठी डोक्यावरून पुढे ओढलेला, येणाऱ्या-जाणाऱ्या हंड्यांकडे बघत. मागच्या बाजूनं तर मला क्षणभर त्यांची म्हातारी आईच वाटली. मी बैल थांबवले. हाक मारणार होतो.

तेवढ्यात गुमली पायऱ्या चढून वर आली. डोक्यावर भरलेला हंडा. ती एस्तरबाईंपाशी थांबली, वाकली आणि आपल्या हंड्यातलं पाणी सावकाश त्यांच्या कळशीत ओतायला लागली. एस्तरबाईंनी कळशी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.